वयाचा धडा

जन्मतारीख बदलून घ्यायला आलेला पालक मुख्याध्यापकाच्या खोलीत कसा शिरतो, हे मी आता डोळे मिटून सांगू शकतो. तो शाळा सुटायच्या सुमारास येतो. एकटा कधीच येत नाही; गावातले कुणीतरी वजनदार माणूस बरोबर असते. आधी पाऊसपाण्याच्या गोष्टी होतात, मग शाळेच्या नव्या खोल्यांचे कौतुक होते आणि मग हळूच विषय निघतो, "सर, एक लहानसं काम होतं."

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात, असेच एक गृहस्थ आले. मुलगा आठवीत, अंगाने दणकट, कबड्डीत तरबेज. चौदा वर्षांखालील संघाची निवड तोंडावर आलेली आणि मुलाला चौदावे संपून काही महिने झालेले. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे सर. कुणाचं काय जातंय?" मी माझे नेहमीचे भाषण केले. दाखल-खारीज रजिस्टरात एकदा चढलेली तारीख माझ्या लेखणीला बदलता येत नाही, आणि कुणाचे काय जाते म्हणाल तर ज्या खऱ्या तेरा वर्षांच्या पोराची जागा तुमचा मुलगा अडवील, त्याचे जाते. गृहस्थ उठले, दारापर्यंत गेले आणि वळून, रागाने नव्हे, अगदी सहज म्हणाले, "सर, तुमची तरी खरी आहे का? आपल्या पिढीत अर्धा गाव एक जुलैला जन्मलेला!"

मी हसलो. तेही हसले आणि गेले.

माझी कागदावरची जन्मतारीख १ जुलै १९६९ आहे, आणि ती खोटी आहे. एवढेच असते तर मी ते हसण्यावारी नेऊन विसरून गेलो असतो. पण त्याच तारखेच्या जोरावर तीन आठवड्यांपूर्वी मी एक कांस्यपदक गळ्यात घालून आलो होतो आणि ते त्या क्षणी माझ्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात, विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या ढालींच्या शेजारी, टांगलेले होते.

पदक पोहण्याचे. पोहायला मी शिकलो आजोळी निमाडात, विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. पुढे शिक्षण, नोकरी, संसार यांत चाळीस वर्षे पाण्याशी संबंध राहिला तो आंघोळीपुरता. पन्नाशीत कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "चालणं कमी, पोहणं सुरू." त्याप्रमाणे तापीकाठच्या आमच्या गावातल्या जलतरण तलावावर सकाळी साडेपाचला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी पंचवीस मीटरांतच दम लागून मी कठडा धरला, तेव्हा शेजारून माझाच एक माजी विद्यार्थी गार्‍हाणे सांगावे तशा आवाजात म्हणाला, "सर, श्वास पाण्यात सोडायचा, बाहेर घ्यायचा." वर्गात पस्तीस वर्षांत जे कुणी मला सांगितले नाही ते इतक्या कमी शब्दांत कळले, याचे मला आजही नवल वाटते. दोन वर्षांनी त्याच पोरांनी माझ्या डोक्यात मास्टर्स स्पर्धेचे खूळ भरले.

मास्टर्स म्हणजे पंचवीस वर्षांवरच्यांच्या स्पर्धा. कल्पना तशी फार जुनी नाही. अमेरिकेच्या नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांना वाटले, की तारुण्यातली शर्यत संपली की माणसे पोहणे सोडतात आणि मग हृदयाचे रोग घेऊन दवाखान्यात येतात. त्यांना पाण्यात ठेवायचे तर समोर काहीतरी ध्येय हवे. १९७० साली टेक्सासमधल्या अमारिलो या गावी अशी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. जागतिक जलतरण महासंघाची पहिली मास्टर्स अजिंक्यपद स्पर्धा १९८६ साली टोकियोला भरली. आपल्याकडेही भारतीय जलतरण महासंघ दरवर्षी राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा घेतो, आणि मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेत तर नातवंडांच्या बरोबरीने आजी-आजोबा समुद्रात उतरतात.

या स्पर्धांचा सारा डोलारा एका साध्या नियमावर उभा आहे. पाच-पाच वर्षांचे गट: पंचवीस ते एकोणतीस, तीस ते चौतीस, असे थेट शंभरीच्या पलीकडपर्यंत. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तुमचे जे वय असेल ते धरायचे. गटातला जो सर्वांत तरुण, त्याचे पारडे जड. त्यामुळे इथे जगाच्या उलट रीत दिसते. एरवी माणसे वय लपवतात. इथे चौपन्न वर्षांचा गृहस्थ पंचावन्नाची वाट पाहत असतो, कारण तेव्हा तो म्हाताऱ्यांतला तरुण होणार असतो. सांघिक शर्यतीत तर चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो. वाढलेले वय संघाच्या खाती जमेला लागावे, अशी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही.

माझ्या घरी मात्र या प्रकरणाचे स्वागत झाले नाही. "सुनेसमोर शोभतं का हे?" हा एक प्रश्न झाला. दुसरा प्रश्न माझ्या मनातच होता आणि तो जास्त अवघड होता. देवी अहिल्या विद्यापीठातून तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. केलेल्या, मुलांना निष्काम कर्म समजावून सांगणाऱ्या माणसाने, जेव्हा एकेक गोष्ट सोडून द्यायची तेव्हा, पितळेच्या चकतीसाठी धापा टाकाव्यात हे काय आहे? आपल्या परंपरेने वानप्रस्थाश्रमाची जागा नेमकी याच वयाला नेमून दिली आहे. यावर मी स्वतःला उत्तर दिले होते ते एका जपानी आजींचे. मिएको नागाओका या बाई ऐंशीच्या घरात गुडघ्याच्या दुखण्यासाठी पोहायला लागल्या आणि २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी दीड हजार मीटर अंतर एक तास १५ मिनिटे ५४ सेकंदांत पार केले. शंभर ते एकशेचार या गटात त्यांच्याआधी कुणीच हे अंतर पोहून गेले नव्हते. मग त्या कुणाशी स्पर्धा करीत होत्या? घड्याळाशी म्हणा, गुडघ्याशी म्हणा. मी मनाशी म्हटले, या वयातली शर्यत ही दुसऱ्याला हरवण्याची नाहीच. ती आपले शरीर आज नेमके किती उरले आहे हे न लाजता मोजून घेण्याची आहे. असे मोजून घेणे वैराग्याच्या आड येत नाही, उलट त्याची सुरुवात तिथून होते.

उत्तर चांगले होते. मी ते घरातही ऐकवले. त्यात एकच उणीव होती, ती मला शर्यतीनंतर कळली.

नोव्हेंबरच्या अखेरीस इंदूरला स्पर्धा होती. प्रवेशअर्जाला वयाचा दाखला जोडायचा होता. माझे सगळे दाखले एकाच तारखेचे. ती मी लिहिली. लिहिताना हात अडखळला का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. मी फक्त मनात हिशेब केला: कागदाप्रमाणे ३१ डिसेंबरला मला पंचावन्न पुरी, म्हणजे पंचावन्न ते एकोणसाठच्या गटात मी सर्वांत लहान. आणि आईच्या हिशेबाप्रमाणे चौपन्न, म्हणजे पन्नास ते चौपन्नच्या गटात सर्वांत मोठा. हिशेब केला आणि लगेच विसरलो. माणूस काही गोष्टी किती तत्परतेने विसरतो!

आईचा हिशेब असा, की मी जन्मलो संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, १९७० साली. किंक्रांत हा आपल्याकडे करिदिन, शुभकार्य टाळायचे. आई म्हणायची, "करिदिनाला आलास म्हणून दृष्ट लागली नाही." ही तारीख आमच्या घरात तिळगुळाच्या डब्याबरोबर दरवर्षी निघायची. कागदावरची तारीख वडिलांनी शाळेत घालताना दिली होती. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मराठी घरांना याचे नवल वाटणार नाही. बेळगाव-निपाणीपासून बऱ्हाणपूर-बैतूलपर्यंत आपण घरात एका भाषेत आणि बाजारात दुसऱ्या भाषेत जगतो. आडनावाचे स्पेलिंग रेशनकार्डावर एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे असते. तशा जन्मतारखाही दोन, एक घरची आणि एक कागदाची. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा झाला तोच १९६९ साली. आमच्या वयाच्या बहुतेकांचा जन्म कुठल्याच दप्तरात चढलेला नव्हता. गुरुजी अंदाजाने तारीख लिहीत, आणि शाळा जुलैत उघडत असल्यामुळे त्यांना एक जुलै सोयीची पडे. २०१२ साली तर तत्कालीन लष्करप्रमुखांच्या जन्मवर्षाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथे आमच्यासारख्यांची काय कथा!

असो. स्पर्धेत मी शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकला उतरलो. लहानपणी आम्ही ज्याला बेडूकपोहणे म्हणायचो तेच, फक्त आता प्रत्येक वळणावर दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लावायचे बंधन. गटात आम्ही चौघे. शेजारच्या लेनमध्ये रतलामकडचे एक रेल्वेतले गृहस्थ होते, निवृत्तीला काही महिने राहिलेले, एकोणसाठ वर्षांचे. पंचाहत्तर मीटरांपर्यंत ते माझ्या अर्धा हात पुढे होते. शेवटच्या पंचवीस मीटरांत त्यांचे खांदे जड झाले, मला ते दिसले आणि, खरे सांगतो, मला आनंद झाला. घड्याळ, शरीर, वैराग्य यांतले काहीही त्या क्षणी डोक्यात नव्हते. होता तो फक्त शेजारचा माणूस आणि त्याला गाठायची हाव. माझ्या सुंदर उत्तरातली उणीव ती हीच. मला एक मिनिट ५४ सेकंद लागले. त्यांना माझ्यापेक्षा सहा दशांश सेकंद जास्त. मी तिसरा, ते चौथे आणि शेवटचे. पाण्याबाहेर आल्यावर त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "मास्साब, आप चार साल छोटे हैं, जीतना ही था।"

नंतर मी सहज फळ्यावर लावलेले निकाल पाहिले. पन्नास ते चौपन्नच्या गटात माझी वेळ पाचवी आली असती.

त्या संध्याकाळी मी पदक खिशात घालून सियागंजात गेलो. इंदूर पाहिलेल्यांना सियागंज सांगायला नको. स्टेशनातून बाहेर पडून पटेल ब्रिजच्या बाजूला वळले, की डोळ्यांआधी नाकाला कळते: हळद, मिरची, हिंग, चहा, सुकामेवा, तागाची पोती. माळव्याच्या गावोगावचा किराणा या घाऊक बाजारातून जातो. अशाच एका पेढीवर माझे वडील मुनीम होते आणि पेढीच्या वरच्या खोलीत आम्ही राहत होतो. आता गादीवर सेठजींचा नातू बसतो, समोर संगणक असतो, पण मला तो अजून "मुनीमजी के बेटे" म्हणूनच ओळखतो. त्याने पदक पाहिले, हम्मालांना बोलावून दाखवले आणि काजू-मनुकांचा पुडा हातात कोंबला. "मुनीमजी होते तो कितने खुश होते!" तो म्हणाला. मीही तसेच म्हणत घरी आलो. आणि मग तीन आठवड्यांनी ते कबड्डीपटूचे वडील आले.

रात्री झोप येईना. मी माझ्या बाजूने खटला मांडला, आणि तो बराच भक्कम होता. पहिला मुद्दा, खोटे मी सांगितलेले नाही. मी तेव्हा साडेचार वर्षांचा होतो. दुसरा, कायद्याच्या दृष्टीने माझी जन्मतारीख तीच आहे. दुसरी लिहिली असती तर अर्जच परत आला असता. तिसरा, या तारखेने मला आजवर तोटाच झाला आहे. निवृत्ती साडेसहा महिने आधी येणार आहे, म्हणजे त्या खोट्याची किंमत मी भरतोच आहे. आणि चौथा मुद्दा असा, की एवढ्याशा गोष्टीचा इतका बाऊ कशाला? गटात चौघे, पदक पितळेचे, बातमी आतल्या पानावरही आलेली नाही.

चारही मुद्दे मी मुलांच्या वक्तृत्वस्पर्धेत ऐकले असते तर चांगले गुण दिले असते. पण त्यांतला एकही त्या गृहस्थांना तोंडावर सांगता आला नसता. कारण तेही हेच म्हणत होते, "एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

नाताळच्या सुटीत मी पुन्हा सियागंजात गेलो. आई सांगायची, की माझ्या जन्माच्या वेळी सेठजींनी मिठाईला अकरा रुपये दिले आणि ते बाबांनी स्वतःच्या हाताने रोकडीत लिहिले. सेठजींच्या नातवाला विचारले, "जुन्या बह्या आहेत का?" तो म्हणाला, दिवाळीला पूजेपुरत्या दोन-चार खाली काढतो, बाकी माळ्यावर आहेत. दोन पोरे चढली, धूळ खाली आली, लाल कापडातली गाठोडी आली. तासाभराने सापडले. बाबांचे मोडी वळणाचे टपोरे अक्षर: संवत् २०२६, पौष सुदी, तिथीचा आकडा कसरीने खाल्लेला, पण शेजारी इंग्रजी तारीख शाबूत, १५-१-७०, गुरुवार. आणि खाली: "मुनीमजी के यहाँ पुत्र जन्म, मिठाई खाते रु. ११."

मी किती वेळ त्या ओळीकडे पाहत होतो कोण जाणे. रोकडीत एका पैशाचा फरक आला तर रात्री बारापर्यंत दिवा लावून बसणारा हा माणूस. वर्षानुवर्षांच्या त्या बह्यांत खाडाखोड म्हणून सापडणार नाही. त्याने साडेचार वर्षांनी, १९७४ च्या जुलैत, मला हाताला धरून शाळेत नेले आणि पाच पुरी असल्याशिवाय घेत नाहीत असे कळल्यावर "पाच पुरी" असे सांगितले. का, ते मला ठाऊक आहे. तीन महिन्यांपूर्वी धाकटी बहीण झाली होती, आई अंथरुणाला खिळली होती, आणि मी दिवसभर खालच्या गल्लीत हातगाड्या आणि ट्रक यांच्या मधून पळत होतो. एकदा गाडीच्या चाकाखाली येता येता एका हम्मालाने मला कॉलर धरून उचलले. शाळा ही त्यांच्या दृष्टीने विद्येची जागा नंतर होती. आधी ती मुलगा जिवंत राहण्याची जागा होती.

तिथे बसल्या बसल्या मला लहानपणी शिकलेली एक गोष्ट आठवली. ताजव्यात माल तोलण्याआधी मुनीम धडा करायचे. तूप तोलायचे असेल तर एका पारड्यात रिकामा डबा ठेवायचा आणि दुसऱ्यात त्याच्या वजनाइतके दगड, खडे टाकत काटा मधोमध आणायचा. मग तूप ओतायचे. म्हणजे जे तोलले जाते ते तूप, डबा नव्हे. बाबा म्हणायचे, "माप मारणारा पुष्कळ वेळा सापडतो. धडा खोटा करणारा सापडत नाही, कारण तोलायला सुरुवात होण्याआधीच त्याचं काम झालेलं असतं."

मास्टर्समधले वयाचे गट म्हणजे असा धडा आहे. वय हा डबा. तो ज्याच्या त्याच्या नशिबी कमीअधिक वजनाचा आलेला असतो. त्याचे वजन आधीच दुसऱ्या पारड्यात टाकून काटा मध्ये आणला, की मग जे तोलले जाते ते माणसाचे सकाळी साडेपाचला उठणे, दमसास, जिद्द. शर्यत सुरू झाल्यावर मी काहीच लबाडी केली नव्हती. दोन्ही हात एकदम भिंतीला लावले होते, शिट्टीआधी हललो नव्हतो. लबाडी होती ती धड्यात.

आणि ती पकडायला कुणी येणारही नव्हते. मुलांच्या खेळांत वयचोरी इतकी बोकाळली, की केंद्राच्या क्रीडा खात्याला २०१० साली तिच्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता काढावी लागली. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज घेतात. पण ही तपासणी चालते ती हाडे वाढत असतात तोवर, सतरा-अठरापर्यंत. त्यानंतर चौपन्नाचे हाड आणि पंचावन्नाचे हाड यांत वैद्यालाही भेद करता येत नाही. पन्नाशीनंतर आपले वय आपल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

माझ्या चार मुद्द्यांचे काय झाले ते आता सांगतो. खोटे माझे नव्हते हे खरे. वारशाने घर येते, कर्ज येते, तसे एखादे खोटेही येते. आणि ते नुसते कागदावर पडून आहे तोवर ते वडिलांचेच. पण ज्या दिवशी मी हिशेब करून, कुठला गट सोयीचा ते पाहून ते वापरले, त्या दिवशी ते माझे झाले. निवृत्तीत तोटा होतो म्हणून स्पर्धेत नफा घ्यावा, हा तर व्यापाऱ्याचाही न्याय नाही. निवृत्तीत रतलामच्या त्या गृहस्थांनी माझे काहीच घेतलेले नाही. राहिला कायद्याचा मुद्दा. तो मी मुख्याध्यापक म्हणून सोडू शकत नाही. प्रत्येकजण आईने सांगितलेली तारीख घेऊन येऊ लागला तर ना शाळा चालेल ना स्पर्धा. कागद हवाच. आता तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना जन्मदाखलाच चालतो; पुढच्या पिढीत एक जुलैवाले उरणार नाहीत, आणि ते चांगलेच आहे. पण मला वाटते, रजिस्टरातली तारीख दुसऱ्यांनी मला बांधण्यासाठी आहे. आईची तारीख मी स्वतःला बांधण्यासाठी आहे. पहिली बदलून मागायचा मला हक्क नाही. दुसरी विसरायचाही नाही.

आणि गोष्ट लहान होती हा जो शेवटचा मुद्दा, त्यानेच मला सर्वांत जास्त टोचले. बाबांचे खोटे पोराच्या जिवासाठी होते. त्या कबड्डीपटूच्या वडिलांच्या डोळ्यांपुढेही मुलाची खेळाडूंच्या राखीव जागेतली नोकरी असेल. माझ्यापुढे काय होते? मी न जिंकल्याने कुणी उपाशी राहणार नव्हते, कुणी गाडीखाली येणार नव्हते. गरजेच्या खोट्याला जग माफ करते, देवही करीत असेल. हौसेच्या खोट्याला कोण माफ करणार? उतारवयात माणसाला एक मोकळीक मिळते: पोटासाठी खोटे बोलायची वेळ जवळजवळ संपलेली असते. त्या मोकळिकीचा उपयोग पितळेच्या चकतीसाठी करावा, हे मला माझ्याच बाबतीत पाहवेना.

जानेवारीत मी आयोजकांना सारे लिहून कळवले. त्यांचे सौजन्याचे उत्तर आले: आपले कागद नियमाप्रमाणे आहेत, निकाल बदलता येत नाही. त्यांचे बरोबरच होते. मग रतलामला फोन केला. ते गृहस्थ आधी काही समजलेच नाहीत. समजल्यावर खूप हसले. पदक पाठवतो म्हटल्यावर मात्र गंभीर झाले. "मास्साब, लौटाया हुआ मेडल लेकर मैं क्या करूँगा? मैं तो चौथा ही आया था, घड़ी ने यही बताया।" मग थोडे थांबून म्हणाले, "और इस साल मैं साठ का हो रहा हूँ। साठ वालों में सबसे जवान! आप अपनी चिंता कीजिए।"

दुसरे काम जास्त अवघड होते. ते कबड्डीपटूचे वडील बाजारात भेटले. मी त्यांना थांबवून म्हटले, "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं ना? माझी तारीख खोटी आहे." ते गोंधळले. मी पदकाची गोष्ट सांगितली. ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "मग आता?"

"मग आता काही नाही. तुमच्या मुलाची तारीख तीच राहील."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटले, चिडतील. पण त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "आधी हे सांगितलं असतंत तर भाषण ऐकायला बरं वाटलं असतं." मुलगा या वर्षी सतरा वर्षांखालील गटात मोठ्या मुलांकडून मार खात खेळतो आहे. बरा खेळतो.

पदक कपाटातून काढले आहे. ते माझ्या टेबलाच्या खणात, दाखल-खारीज रजिस्टराच्या वर, असते. जून-जुलैत नवी नावे लिहायला रजिस्टर काढले, की आधी ते बाजूला करावे लागते. त्या वेळी समोर मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या बापाकडे मी पूर्वीपेक्षा जरा वेळ जास्त पाहतो. नियम तोच सांगतो, पण आवाज पूर्वीचा राहिलेला नाही.

स्पर्धा मी सोडलेली नाही. वैराग्याचे ते सुंदर उत्तर आता कुणाला ऐकवत नाही. शेजारच्या लेनमधल्या माणसाला गाठायची हाव मला आहे, हे मान्य करून पोहतो. या ३१ डिसेंबरला मी कागदाप्रमाणे छप्पन्न आणि आईच्या हिशेबाप्रमाणे पंचावन्न. दोन्ही तारखा पहिल्यांदाच एका गटात येत आहेत. अर्ज भरून ठेवला आहे. रतलामचे गृहस्थ वरच्या गटात गेले, त्यामुळे त्यांना गाठायचा प्रश्न नाही. पण खालून चौपन्नचे दोघे पंचावन्नचे होऊन येत आहेत, आणि दोघेही माझ्यापेक्षा पाच सेकंद वेगवान आहेत असे ऐकतो.